एक जोड, एक माणूस

“सत्तेचाळीस,” म्हणत शाल्मलीने नोंद केली.

पडद्यावर बाईच्या चपलांचा जोड दिसत होता. सत्तर वर्षांपूर्वी मोंबासाहून मुंबईला येताना बुडालेल्या आगबोटीभोवती, अडीच हजार मीटर खोल, त्यांचं यंत्र कॅमेरा घेऊन फिरत होतं. इतक्या खोलात माणसाची हाडंसुद्धा विरघळून जातात, कमावलेलं चामडं तेवढं उरतं. म्हणून मोजायची रीत ठरलेली होती: एक जोड, एक माणूस.

“चल पुढे,” काटदरे सर म्हणाले.

“थांबा ना सर. चपलांच्या जरा वर काहीतरी आहे.”

यंत्राचा दिवा वळला. गाळात दोन वाळे होते, काळवंडलेले, दोन बोटांत मावतील एवढे.

शाल्मली सात महिन्यांच्या लेकीला आईकडे ठेवून या शोधमोहिमेच्या बोटीवर आली होती. “अठ्ठेचाळीस,” ती हळूच म्हणाली.

“जोड कुठाय पण? आणि प्रवाशांची यादी बघ. सत्तेचाळीसच नावं आहेत, आपला आकडा आत्ता कुठे जुळला.”

“मांडीवरच्या मुलाचं तिकीट काढत नाहीत, सर. मग नाव कसं असेल यादीत? आणि अजून चालत नाही त्याला चपला कोण घेतं?”

 सरांनी चष्मा काढून डोळे पुसले.

“सगळं चित्रण पहिल्यापासून लाव,” ते म्हणाले. “या वेळी पायांशी नको, कुशीशी बघ.”