जांभळीखालचा देव

"आमी खणूचे नाय," गुरुदास घाडी म्हणाला, तसे मागे उभ्या असलेल्या गड्यांनी कुदळी खाली टाकल्या. "देवाच्या रानातली काडी कोण मोडणा नाय. तू तर रान मुळासकट उपटूक निघालंस, हरी."

हरिश्चंद्र मुकादमाचे डोके सणकले. "कसलो देव? माझ्या बापाशीवर दरड पडली तेवां हंय तण उगवत नाय होतां!"

खोटे नव्हते ते. बावन्न साली खाणीचा कडा कोसळला आणि कंपनीने गाशा गुंडाळला. मागे उरला नुसता लाल, उघडा डोंगर. पाऊस लागला की ती माती ओहोळातून खाली येई आणि विहिरींचे पाणी तांबडे होई. वाडीतल्या भाताच्या कुणग्यांवर गाळ बसला. हरीच्या घरचा एकुलता एक कुणगाही त्यातच गेला.

त्याच कड्याखाली लवू गाडला गेला होता, हरीचा बाप. त्याला बाहेर काढायचे कंपनीने नाव घेतले नाही. दगड हलवला तर आणखी कोसळेल, म्हणे! खनिज न्यायला हलत होते ते दगड माणूस काढायला हलेनात. शेवटी दर्भाचा पुतळा करून जाळावा लागला. अग्नी हरीने दिला होता. गवताला बाप म्हणून जाळल्याचा संताप त्याच्या मनातून अजून गेला नव्हता.

पुढे केव्हातरी त्या पडझडीवर शेंदूर फासलेला एक दगड उभा दिसला. कुणी ठेवला कुणास ठाऊक. गावाने देवाला साकडे घालणाऱ्या घाड्याला बोलावले, घाड्याने गाऱ्हाणे घातले, नारळ फुटला, आणि झाला देव तयार! तिथे गुरे सोडायची बंद झाली, कोयता न्यायचा बंद झाला. आधी करवंदीची जाळी आली, मग किंजळ, ऐन, जांभूळ. मुळांनी माती धरली आणि ओहोळ निवळला. आता तिथे भेकर ओरडायचे, धनेशाची जोडी उतरायची. गाव म्हणे, देवाची करणी. हरीच्या मात्र ते रान पाहिले की तळपायाची आग मस्तकात जाई. बापाच्या छातीवर देव बसला होता!

आता लोखंडाला भाव आला. रेडीच्या बंदरात बोटी लागू लागल्या, आणि कंपनी परत आली. साहेबाने हरीला बोलावून सांगितले, "माणसं तू उभी कर. खाण उघडली की आधी तुझ्या वडिलांना बाहेर काढू. शब्द देतो." तेवढ्यासाठी हरी मुकादम झाला होता. त्याला बाप हवा होता, मूठभर हाडे का असेनात.

तो पाय आपटतच घरी आला. त्याची आई, मथुरा, पाट्यावर वाटप वाटत होती. नदीतला एक गुळगुळीत गोटा घेऊन ती खोबरे रगडत होती, आणि गोटा सारखा निसटत होता.

"आये, नवो वरवंटो हाडतंय म्हटलां तर ऐकणंस नाय."

"माका ह्योच बरो. फुटको वरवंटो घरात ठेवचो नसता, म्हणान काढलंय. फोडलो कोणी तो? तूच मां?"

लहानपणी हातातून सुटलेला वरवंटा आणि मागोमाग गालावर बसलेली थापड हरीला आठवली. एरवी तो हसला असता.

"उद्या मी तो देव उपटतंय," तो म्हणाला. "गडी येणत नाय, तर मीच कुदळ घेतंय. साहेब बाबांका भायर काढतलो."

मथुराचा हात थांबला. "कंपनीक दगड आनी माणूस कधी येगळो दिसलो? भरतले तेंकाय बोटीत."

"मगे रवांदे तेंका थंयच कुजत?" हरी ओरडला. "तुका काय वाटणाच नाय! एकदा रडाक नाय, एकदा तेंचां नाव काढूक नाय!"

तिने वाटप पातेल्यात काढले, हात धुतले, मग ती गोठ्यात गेली आणि शेणाची पाटी डोक्यावर घेऊन रोजच्यासारखी बाहेर पडली. हरीला तिचाही राग आला. नवरा मातीखाली, आणि हिला शेणाची पडली आहे!

सकाळी सगळी वाडी रानाच्या तोंडाशी जमली. आत पाऊल टाकायला कुणी धजेना. हरी एकटाच कुदळ घेऊन शिरला. पायाखाली पाचोळ्याचा जाड थर होता.

देव जांभळीखाली होता. वीतभर वर आलेला, शेंदराची पुटांवर पुटे चढलेला. एवढासा! एवढ्याशाला भिऊन साऱ्या गावाने त्याच्या बापाला सोडून दिले होते. हरीने कुदळ घातली. मुळे तटातट तुटली.

"सोड माझ्या बापाशीक!" तो किंचाळला. त्याचे डोळे वाहत होते. दोन्ही हातांनी हिसका देऊन त्याने दगड उपटला आणि खालच्या खडकावर आपटायला डोक्यावर उचलला.

शेंदराचा पोपडा सुटून त्याच्या तळहातात आला. आतला दगड काळा, घासून घासून गुळगुळीत झालेला होता. जमिनीत पुरलेल्या टोकाचा टवका उडालेला होता.

मागे पाचोळा वाजला. डोक्यावर शेणाची पाटी घेऊन मथुरा आत आली होती. एकटीच.

"खाली ठेव तो," ती म्हणाली. "ल्हान होतंस तेवां पाडलंस, म्हणान एक थापड मारून सोडलंय. आज पाडलंस तर हातच मोडीन."