हिरवा चेहरा

"डोळे मिटा. श्वास हळूच आत घ्या," मोबाइलमधली बाई म्हणाली, आणि भागीरथानं मुकाट्यानं डोळे मिटले.

"आता कानावर काय पडतंय, ते मनात म्हणा."

लकडगंजात दुसरं काय पडणार, कपाळ! लाकडं चिरणाऱ्या आरामशिनीची किरकिर. पण तिनं तेही भक्तिभावानं म्हटलं. मग वास घ्यायचे होते. कूलरची खस, निवडून ठेवलेली सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी. शेवटी प्रश्न आला, आज कसं वाटतंय? तिनं हिरवा, हसरा चेहरा दाबला आणि मगच चहा ठेवला. हे झाल्याशिवाय तोंडात पाणीही घालायचं नाही, हा तिचा नेम.

बारूदीच्या कारखान्यात स्फोट झाला, तेव्हा सौरव पहिल्या पाळीला होता. त्या दिवसापासून ह्या घराची रयाच गेली. पोराची मोटरसायकल दारात धूळ खात होती. डॉक्टर मधुवंतीबाईंनी सौरवच्याच मोबाइलमध्ये हे अ‍ॅप टाकून दिलं आणि बजावलं, "रोज करायचं. उत्तरं मला इथं दिसतात. फरक पडला नाही, तर भरती करावंच लागेल."

त्या भरतीचाच भागीरथानं धसका घेतला होता. पागलखाना! एकदा आत गेलं की माणूस संपलंच, असं तिला वाटे.

शेजारची लतिका सांभार मागायला आली. "काहून वं भागीरथे, मोबाइलनं कुठी दुःख जाते का?"

"जाते न वं. पहिले नुसती छाती धडधडत होती. आता मले झोपही लागते."

"मंग चांगलं हाय, माय. नाहीतर तुह्याकडे पाहवत नव्हतं."

दुपारी मधुवंतीबाईंचा फोन आला. "भागीरथाबाई, महिनाभर सगळी उत्तरं हिरवी आहेत. कमालच केलीत! आता भरती नको. गोळ्याही बंद करू या."

"लय उपकार झाले, बाई!" तिला आनंदानं हुंदकाच फुटला. तिनं देवापुढे साखर ठेवली आणि पदरानं डोळे पुसत ती मागच्या खोलीत गेली.

पलंगाखाली, कानांवर हात गच्च दाबून, सौरव अजून तसाच थरथरत पडला होता.

"ऊठ, बाप्पा," ती म्हणाली. "तुह्या नावानं चतुर्थ्या मीच धरल्या, हेही मीच केलं. बरा झाला तू. डॉक्टरीणबाईनं सांगतलं."