दुसऱ्यांदा लावलेली रेकॉर्ड

बहात्तर साली गोरक्षनाथने पुण्याहून मोठ्या हौसेने एका विलायती रॉक बँडची रेकॉर्ड आणली आणि कोपरगावजवळच्या मळ्यात, ओसरीवर लावली. रोजच्यासारखे त्याचे वडील आप्पा शेजारी येऊन बसले. सुनेची हाक आप्पांना कधी ऐकू जात नसे, पण गाणं मात्र बरोबर ऐकू येतं, अशी घरात तक्रार होती. रोज संध्याकाळी गोरक्षनाथ नाट्यपदं लावायचा आणि आप्पा डोळे मिटून शेवटपर्यंत मान डोलवायचे.

आज मात्र गिटार अशी किंचाळली आणि ड्रम असे दणाणले की म्हैस दावं तोडून उसात शिरली. रेकॉर्ड संपेपर्यंत गोरक्षनाथचं डोकं ठणकायला लागलं.

“फसलो, आप्पा,” तो त्यांच्या कानाशी ओरडून म्हणाला. “रेकॉर्ड कशी, शंभरदा लावली तरी गोड वाटली पायजे. ही दुसऱ्यांदा ऐकवत न्हाई. मंग हिचा उपेग काय? उद्याच परत देतो.”

आप्पांनी त्याचा हात धरला. “देऊ नको. लाव परत.”

गोरक्षनाथने नाइलाजाने पुन्हा सुई ठेवली. आप्पांची बोटं गुडघ्यावर अगदी ठेक्यात पडू लागली.

“तुमाला हे आवडलं?” त्याने चकित होऊन विचारलं.

“लई झाक हाय,” आप्पा म्हणाले. “तुझ्या बाकीच्या रेकॉर्डींत गानं भरायचंच राहिलंय बघ. तुझा हिरमोड नको, म्हनून इतकी वर्सं मी नुसता मान डोलवत हुतो.”