बोळाचं कुलूप

“मध्यस्थ साहेब, आधी माझं ऐकून घ्या. तो बेकरीवाला आला की मला बोलू द्यायचा नाही,” असं म्हणत लाकूडकामाच्या दुकानाची मालकीण खुर्ची ओढून समोर बसलीसुद्धा.

बेकरीवाल्याने तोंड उघडलं आणि परत मिटलं. खोलीत त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं. मध्यस्थांचा अजून पत्ता नव्हता, आणि पंख्याच्या मोहाने तो नेमका त्यांच्याच खुर्चीत बसला होता.

दोन वर्षं दावा कोर्टात कुजत पडला होता. शेवटी कोर्टानेच दोघांना मध्यस्थीला पाठवलं. दुकानं पाठीला पाठ लावून, मध्ये एक बोळ. पण तो रात्री भट्टीपुढे, ती दिवसा करवतीपुढे. समोरासमोर यायचा कधी योगच नव्हता. भांडत होते ते वकील. खरं सांगून टाकावं असं त्याला वाटलं. पण माघारी आपल्याबद्दल काय बोलतात हे ऐकायची संधी कोण सोडेल? तो गप्प बसला.

“बोळाच्या फाटकाला कुलूप घातलं त्या मेल्याने,” ती म्हणाली. “फळ्या पुढच्या जिन्याने डोक्यावर आणाव्या लागतात. दोन कारागीर सोडून गेले. तिसरा गेला की मला दुकान बंदच करावं लागेल. इतका आडमुठा माणूस मी पाहिला नाही. पाव मात्र बरे करतो.”

पावांचं ऐकून त्याला जरा धीर आला.

“कुलूप का घातलं, विचारलंत कधी?”

“वकिलाने लिहिलंय, माझ्या करवतीच्या आवाजाचा त्रास होतो म्हणून. दिवसाढवळ्या कसला आलाय त्रास?”

“रात्रभर भट्टीपुढे उभा राहणारा माणूस झोपणार कधी, ताई?” त्याला साहेबी आवाज काढायचा होता, पण निघाली तक्रारच. “दिवसाच ना? दुकानातच आडवा होतो तो, आणि डोळा लागतो न लागतो तोच बोळापलीकडे तुमची करवत सुरू. परवा पेंगता पेंगता त्याचा हात भट्टीच्या दाराला लागला. म्हणजे, असं ऐकलंय मी.”

त्याने भाजलेला हात हळूच टेबलाखाली घेतला.

तिने खुर्ची टेबलाजवळ ओढली.

“हे मला कुणी सांगायला नको होतं?” ती म्हणाली. “दुपारपर्यंत मी रंधा, पॉलिश, असली बिनआवाजाची कामं उरकेन. करवत संध्याकाळी. पण तो कुलूप काढेल?”

“आजच काढेल.”

“त्याच्या वतीने तुम्ही शब्द देता?”

“देतो.”

त्याला एकदम इतकं हलकं वाटलं, की तिथेच टेबलावर डोकं टेकून झोपावं. झोपेपायी भट्टी कायमची विझवायची वेळ आता येणार नव्हती. मग लाज वाटली. इतक्या सरळ बाईला आपण फसवलं. तिने विश्वासाने मन मोकळं केलं आणि आपण चोरासारखं ऐकत बसलो.

“ताई, रागावू नका,” तो उठून उभा राहिला. “मी मध्यस्थ नाही. मी तो...”

तेवढ्यात दार उघडलं आणि काखेत फायली घेऊन खऱ्या मध्यस्थ बाई आत आल्या. त्याच्याकडे न बघताच त्या तिला म्हणाल्या, “झालं ना मनासारखं बोलून? यांच्याशी एकटीने बोलायचंय म्हणून तुम्ही अर्धा तास मागून घेतलात, तेव्हापासून बाहेर बाकावर बसून आहे मी.”