हसऱ्या चेहऱ्यावर बोट

सकाळी साडेनऊला आठ वर्षांच्या रुचीने हॉस्पिटलच्या फॉर्मवरच्या, रडक्यापासून हसऱ्यापर्यंतच्या पाच चेहऱ्यांपैकी सर्वांत हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. केमोमुळे तिचं तोंड आतून फोडांनी भरलं होतं. दोन दिवस तिला पेजही गिळवत नव्हती. कॅन्सरच्या मुलांना उपचारांचा किती त्रास होतो, याची पाहणी करणाऱ्या सिस्टर डिंपल पटले चिडल्या.

"खोटं काऊन सांगून राहिली वं?"

उत्तर रुचीच्या आईने, सालेकसा गावाहून आलेल्या ओमेश्वरीने दिलं. "मीनंच सांगतलं तिले. मागच्या बारीले रडका चेहरा दाखवला, त तुम्ही डोस पंधरा दिवस पुढं ढकलला. तेवढ्यात मानेची गाठ वाढली. बाकीच्या माया बी पोरायले हेच शिकवून राहिल्या. हसू द्या तिले तुमच्या कागदावर."

सिस्टरांनी वर्षभराचे फॉर्म काढले. बेचाळीसपैकी अडतीस मुलं हसत होती. या फॉर्मांवरून केलेला पाहणीचा अहवाल पुढे पाठवू नये, असं पत्र त्यांनी दुपारीच वरिष्ठांना दिलं.



पण अहवाल त्याच्या महिनाभर आधीच गेला होता. 'मुलांना त्रास नाही' म्हणून तोंडाच्या फोडांचं औषध हॉस्पिटलच्या औषधांच्या यादीतून वगळलं आहे, आणि पत्राला अजून उत्तर नाही.