लाल पोवळं

दाभोळचा शिवा रोज ईशाला होडीतून प्रवाळाच्या खडकावर न्यायचा. ती पाण्यात उतरून रंगावरून टिपायची, कुठलं प्रवाळ जिवंत आणि कुठलं मेलेलं. "खडकाच्या मागं जाव नका ताई, तिकडं सगळं मेलेलं हाय," तो दर वेळी बजावायचा. शिमग्यात बायको मुंबईला पळाली, हे तो तिला शिव्या घालत सगळ्या बंदराला सांगायचा.

त्या दिवशी ईशा खडकाच्या मागं गेलीच. ती वर आली तेव्हा शिवा तडफडणाऱ्या सुरमईच्या डोक्यात दांडका घालत होता.

"मागं तर सगळं जिवंत आहे हो! तपकिरी, हिरवं, जांभळं. आणि हे बघा, फटीत काळ्या मण्यांचा सर अडकला होता."

तिनं मूठ उघडली. उन्हात त्यातले दोन मणी लालभडक दिसले.

"अरे, ही तर पोवळी! साठ फुटांखाली लाल रंग काळाच दिसतो. पण लाल पोवळं आपल्या समुद्रात होत नाही. हे कुणाचं तरी मंगळसूत्र आहे."

शिवानं सुरमई सोडली. दांडका सोडला नाही.

"सांगितलं व्हतं ना ताई, तिकडं मेलेलं हाय."