कोणीतरी सांगेल

“हा बघा. दंडाला बांधायचा, लाल. पार चौकातून दिसतो,” दुकानदार म्हणाला आणि त्याने पट्टा कासोंदेच्या हातात दिला.

कासोंदेने त्यावर अंगठा फिरवला. सुपारीएवढं प्लास्टिक, कडेला एक बटण. ते दाबल्यावर टक् झालं.

“लागला?”

“लागला. छान लुकलुकतोय,” म्वाबा म्हणाली. म्वाबा त्याची मेहुणी, बायकोची धाकटी बहीण. खास शेजारच्या न्डोला शहराहून येऊन तीच त्याला बाजारात घेऊन आली होती. इथे, खाणींच्या किट्वे शहरात, भारनियमन सुरू होतं. थंडीचे दिवस. खाणीच्या दवाखान्यात टेलिफोनवर बसणारा कासोंदे पाळी संपवून निघायचा तेव्हा रस्त्यावर गाड्यांच्या दिव्यांशिवाय उजेड नसायचा. दिवा घेतल्याशिवाय भाऊजींना कामावर जाऊ देणार नाही, असं तिने सकाळीच बजावलं होतं.

त्याने पुन्हा बटण दाबलं. टक्.

“आता?”

“बंद.”

“आवाज तर तोच आला.”

“आवाज कशाला ऐकताय, दादा? दिवा बघायचा असतो,” दुकानदार बोलून गेला आणि ओशाळला. मग त्याने घाईघाईने दुसरा काढला. हा कमरेच्या पट्ट्याला अडकवायचा होता. मग काठीला बसवायचं कडं काढलं, मग एक अख्खं जाकीट, पाठीवर दिव्यांची माळ शिवलेलं.

“हे घालून गेलात तर लग्नाची वरात निघाली असं वाटेल,” म्वाबा म्हणाली. एरवी मेहुणीच्या अशा बोलण्याला कासोंदे सव्याज उत्तर द्यायचा. आज तो एकेक दिवा कानाला लावत होता, गालाला लावत होता. काठीचं कडं तर त्याने ओठाला लावून पाहिलं.

“तापत नाहीत का हे?”

“नाही हो. हल्लीचे दिवे तापत नाहीत. म्हणून तर चार्जिंग इतकं टिकतं.”

“आणि संपलं की? मला कसं कळायचं?”

“कोणीतरी सांगेल की. रस्त्यावर माणसं असतातच.”

कासोंदेने खिशात हात घातला आणि एक दिवा काढून फळीवर ठेवला. काच तडकली होती, पट्टा एका बाजूने तुटला होता.

“हा तुमच्याच दुकानातला. माझ्या बायकोने नेला होता.”

दुकानदाराने तो उचलला नाही. कासोंदेच्या बायकोला, न्कांडूला, बाजारात सगळे ओळखत. तीही आंधळीच. गेल्या महिन्यात बस-स्टँडसमोर रस्ता ओलांडताना एका मिनीबसने तिला उडवलं होतं, त्यातच ती गेली.

“दिवा नव्हताच, असं तो ड्रायव्हर म्हणाला,” कासोंदे सांगत होता. “मला वाटलं, खोटं बोलतोय. मी पोलिसांसमोर भांडलो. दंडाला बांधून, बटण दाबूनच घरातून निघायची ती, मी रोज ऐकायचो. मग म्वाबाने हा दाबून पाहिला, तर लागेना. चार्जरला लावल्यावर लागला. तोवर मेलेलाच होता.”

“किती दिवस बंद होता, देव जाणे,” म्वाबा म्हणाली.

 दुकानदाराने जाकिटाची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली.

“तीन-चार दिवस होता,” शेवटी तो म्हणाला. “इथूनच जायची ना ती. मी बघायचो. एकदा हाक मारणार होतो, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता घरी कोणीतरी सांगितलंच असेल.”

“घरी,” कासोंदे म्हणाला. “घरी मीच होतो.”

 

दुकानदाराने दिवे एकेक करून कासोंदेच्या पुढे सरकवले. “यातला कुठलाही न्या. पैसे राहू द्या.”

“पैसे घ्या,” कासोंदे म्हणाला. “आणि तुम्हाला वाटेल तो द्या. माझ्यासाठी सगळे एकच.”

म्वाबाने दंडाचा लाल पट्टा निवडला. कोटाच्या बाहीवरून तो घट्ट बांधला आणि बटण दाबून पाहिलं. “लागतोय. आता बंद करते हं. अजून ऊन आहे.”

“राहू दे.”

“भाऊजी, घरी पोचेपर्यंत निम्मा संपेल.”

“राहू दे म्हटलं ना.”

दोघं बाहेर पडली. डोक्यावर लख्ख ऊन होतं. कपेंटा या बारीक सुक्या मासळीचे ढीग लावून बसलेल्या बायकांमधून म्वाबा त्याचा हात धरून वाट काढत होती. दहा पावलंही झाली नसतील, तोच एक बाई ओरडली, “अहो दादा, दंडावरचा दिवा चालू राहिलाय तुमचा.”

कासोंदेने मान हलवली.

मिनीबसच्या दारात लोंबकळणारा कंडक्टर हसत म्हणाला, “काय साहेब, सूर्याला दिवा दाखवताय? बंद करा तो.”

पुढे एका म्हाताऱ्याने तर त्याचं कोपर धरून त्याला थांबवलं. “बाळा, तुला दिसत नाही म्हणून सांगतो. तुझा दिवा उगाच जळतोय. संपून जाईल, आणि तुला कळणारही नाही.”

“हो, आजोबा,” कासोंदे म्हणाला. “सांगितलंत, बरं केलंत.”

म्वाबाने बटणाकडे हात नेला. त्याने तो वाटेतच धरला, आणि धरून ठेवला.  तसाच तिचा हात धरून तो चालू लागला.

मागून आणखी कोणीतरी हाक मारत होतं.